खुराक कोणासाठी?

चकल्या-करंज्यांचे ताट वाचकांच्या पुढ्यात असताना मी मेंढरांच्या चरबीविषयी लिहायला बसावे, हे काही फारशा रसिकपणाचे लक्षण नव्हे. परंतु दिवाळीचा आणि मेंढराचा संबंध आपण समजतो तितका दूरचा नाही. पाडव्याच्या दिवशी धनगरांच्या वाड्यावर जाऊन पाहावे. मेंढरे धुतलेली असतात, रंगवलेली असतात, त्यांना ओवाळतात, गोडाधोडाचा घास देतात. वर्षभर ज्याच्या जिवावर घर चालले त्याला एक दिवस तरी पाटावर बसवावे, ही भावना मोठी सुंदर आहे. आणि आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे खाऊ घालायचे. पाहुणा आला, वाढा. मूल रडले, भरवा. देव आठवला, नैवेद्य दाखवा.

खाऊ घालणे हे आपण इतके निखळ पुण्य मानतो की, त्याची कधी उलटतपासणी होत नाही. चोराला, लबाडाला, कंजुषाला आपण जाब विचारतो. पण वाढणाऱ्याला कोणी विचारत नाही की, बाबा रे, हे तू कोणासाठी वाढतो आहेस? मला हा प्रश्न विचारावासा वाटतो. आणि तो माणसांच्या पंगतीत विचारण्यापेक्षा मेंढरांच्या गव्हाणीपाशी विचारणे सोयीचे आहे. कारण माणूस वाढणाऱ्याची भीड धरून खोटे बोलतो, मेंढरू बोलत नाही.

प्रदर्शनासाठी कोकरू तयार करण्याची विद्या आज सर्वांत पद्धतशीर कोठे पाहायला मिळत असेल, तर ती अमेरिकेत. तिकडे खेड्यापाड्यांतील मुलांसाठी ‘फोर-एच’ नावाची चळवळ आहे. १९०२ साली ओहायो राज्यातील एका शाळाधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचे मंडळ काढले, तेथून तिची सुरुवात मानतात. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे एकच, म्हणून हे नाव. पुढे १९२८ मध्ये शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आणखी एक मोठी संघटना निघाली. या मंडळांतील मूल वसंत ऋतूत एक कोकरू घेते. त्याला चारते, फिरवते, त्याचे वजन आणि खर्च वहीत लिहिते आणि उन्हाळ्यात परगण्याच्या जत्रेत त्याला रिंगणात उभे करते. तोपर्यंत ते कोकरू साधारण ५५ ते ६५ किलोंचे झालेले असते. मांसासाठी दाखवायच्या कोकराची लोकर आधीच बारीक कातरतात, म्हणजे लोकरीच्या जाडीने कोणी फसू नये. मग परीक्षक येतो आणि त्याच्या पाठीवरून, फासळ्यांवरून, कमरेवरून हात फिरवतो. त्याला हाडही टोचायला नको असते आणि चरबीची गादीही नको असते. फासळीवरचा चरबीचा थर पाव इंचाच्या आत, पण अगदी नाहीसा नको. हाताखाली मांस भरीव लागावे आणि त्यावर चरबीचा नुसता हात फिरलेला असावा, एवढेच.

या शेवटच्या हातासाठी मालक मंडळी शेवटच्या काही आठवड्यांत कोकराला स्निग्ध खुराक देतात. त्यासाठी तयार पूरक खाद्ये मिळतात; त्यांत तेलाचा किंवा चरबीचा अंश भरपूर असतो. आपल्याला हे काही परके नाही. म्हशीच्या दुधाला फॅट लागावी म्हणून सरकी भिजवून घालणारी घरे आपल्या ओळखीची आहेत. घाण्याच्या पेंडीत तेल राहते म्हणून तिला जास्त भाव देणारे शेतकरीही आपण पाहिले आहेत. विद्या तीच, फक्त तिकडे ती मोजूनमापून चालते.

आणि मोजण्याचे कारण मोठे मजेदार आहे. आपण समजतो की आपण मेंढराला खाऊ घालतो. वस्तुतः मेंढराला आपण थेट खाऊ घालूच शकत नाही. त्याच्या पोटाला चार कप्पे. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा, ज्याला आपल्याकडे कोटीपोट म्हणतात, तो म्हणजे एक अखंड पेटलेली भट्टी आहे. तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. गवत आणि कडबा पचवण्याची शक्ती मेंढराच्या अंगी नाही. ती या जिवांच्या अंगी आहे. ते चारा कुजवतात, फोडतात आणि त्यातून जे निघते त्यावर मेंढरू जगते. म्हणजे गव्हाणीत टाकलेल्या घासाचे पहिले मानकरी हे न दिसणारे पाहुणे.

या पाहुण्यांना तेल मानवत नाही. तेल जास्त झाले की चाऱ्याच्या तंतूंवर त्याचा लेप बसतो आणि त्या जिवांना तंतू धरता येत नाही. कित्येक तेले तर त्यांना विषासारखीच बाधतात. मग चारा पचायचा थांबतो, जनावर खाणे सोडते, लेंडी पातळ होते. आणि ज्याला जाड करायला निघालो तेच वाळू लागते. मेंढराच्या नेहमीच्या चाऱ्यात स्निग्धांश शेकडा तीनच्या आसपास असतो. एकूण आहारात तो शेकडा सहाच्या वर जाऊ देऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. हिशेब साधा आहे. कोकरू दिवसाला दीड किलो सुका आहार खात असेल, तर सहा टक्क्यांनी ९० ग्रॅम स्निग्धांश झाला. त्यातला ४५ ग्रॅम चाऱ्यातूनच येतो. उरली जागा ४५ ग्रॅमची! एवढ्या मोठ्या जनावरासाठी तेलाची वाढ म्हणाल तर चार-पाच लहान पळ्या. तीही पहिल्या दिवशी सगळी नाही; चिमटीने सुरुवात करून दोन आठवड्यांनी तिथवर पोचायचे. शेजारी वाळलेला चारा आणि स्वच्छ पाणी हवेच. खवट वास आलेले तेल वा खाद्य फेकून द्यायचे.

मग इतका धोका आहे तर तेल द्यायचेच कशाला? यालाही प्रामाणिक उत्तर आहे. वजनाला वजन धरले तर स्निग्ध पदार्थात धान्याच्या पिठूळ भागापेक्षा सव्वादोन पट शक्ती असते. ही शक्ती धान्यातून द्यायला गेले, तर कोटीपोटात आम्ल साठते. धान्य अंगावर येऊन जनावर मरते, हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना विचारावे. बैलावरच्या प्रेमापोटी त्याला पोटभर पुरणपोळ्या चारणारे मालक त्यांना ठाऊक असतात. तेल आंबत नाही, आम्ल करीत नाही आणि उन्हाळ्यात पचनाची उष्णताही कमी करते. तेव्हा थोडे आणि बेताने दिले तर ते धान्याहून सौम्य ठरते. अमृत आणि विष या दोन वस्तू नसून एकाच वस्तूची दोन मापे आहेत, हे वाक्य आपण कीर्तनात ऐकतो. गव्हाणीत ते रोज सिद्ध होते.

लाडाच्या जनावरावर येणारी संकटे पाहिली म्हणजे मन चरकते. आंत्रविषार नावाचा रोग आहे. त्याचे जंतू निरोगी मेंढराच्या आतड्यातही असतात आणि गुमान असतात. एकदम खुराक वाढला की न पचलेले पीठ आतड्यात उतरते, जंतू माजतात, विष सोडतात आणि संध्याकाळी उड्या मारणारे कोकरू सकाळी ताठ झालेले सापडते. यावर लस आहे आणि जाणता मेंढपाळ ती चुकवत नाही. पण या रोगाचा स्वभाव असा की, तो कळपातले मरतुकडे पोर निवडत नाही. तो निवडतो सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत खादाड, सर्वांत लाडके. दुसरे संकट तांब्याचे. गाईम्हशींच्या किंवा घोड्यांच्या खाद्यात तांब्याचा अंश असतो. तो त्यांना चालतो, मेंढराला चालत नाही. मेंढराचे काळीज तांबे साठवत जाते. महिनोन्‌महिने काही दिसत नाही; कातडी तुकतुकीत असते, मालक खूश असतो. मग एखाद्या दिवशी दगदग होते: लांबचा प्रवास, गर्दी, अनोळखी जागा. साठलेले तांबे एकदम रक्तात सुटते, डोळे पिवळे पडतात, लघवी तांबडी होते आणि जनावर हातचे जाते. आता दगदगीचा हा दिवस बहुधा कोणता असणार? प्रदर्शनाचा! ज्या दिवसासाठी सगळे केले, तोच दिवस हिशेब मागायला उभा राहतो.

येथवर मी जे सांगितले ते शास्त्र झाले. एखादा म्हणेल, माप पाळा म्हणजे झाले; यात नीतीचा प्रश्न कोठे आला? मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु माप माहीत असूनही माणसे ते का ओलांडतात, हा प्रश्न शास्त्राचा नाही. अज्ञानाने जनावर मारणारे थोडे. हौसेने मारणारे पुष्कळ.

ही हौस जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने निवडून निवडून मेंढ्यांची एक नवी जात तयार केली. लवकर वाढणारी आणि लवकर चरबी धरणारी. कष्टकरी माणसाला स्वस्त, स्निग्ध मटण मिळावे हा त्यात व्यवहार होता आणि तो वाईट नव्हता. पण पुढे व्यवहार मागे पडला आणि चरबीलाच प्रतिष्ठा आली. डरहॅमचा एक बैल, जन्म १७९६ चा, इतका लठ्ठ होता की, त्याच्यासाठी खास गाडी बनवून १८०१ पासून त्याला गावोगाव पैसे घेऊन दाखवत. सहा वर्षे तो हिंडला. १८०७ साली ऑक्सफर्डला त्याचा खुबा निखळला, दोन महिने तो तसाच पडून राहिला आणि अखेर त्याला कापावे लागले. स्वतःच्या पायांवर जगात कोठेही न गेलेला तो प्रवासी स्वतःच्याच भाराने संपला.

त्याच काळात टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) नावाचा एक नामांकित लाकूडकोरक होऊन गेला. पशुपक्ष्यांची चित्रे कोरण्यात त्याचा हातखंडा. त्याने आपल्या आत्मवृत्तात एक आठवण नोंदवली आहे. त्याला मेंढ्यांची चित्रे काढायला बोलावले. त्याने समोर उभी होती तशी मेंढरे काढली. मालकांना ती पसंत पडेनात. त्यांचे म्हणणे, येथे चरबीचा गोळा दाखवा, तेथे दाखवा. ब्यूइक म्हणाला, जो गोळा मला दिसत नाही तो मी काढणार नाही. आणि त्याने काम सोडले, पैसेही सोडले. मला या गोष्टीत फार अर्थ दिसतो. मेंढरू जाड होणे ही त्या मालकांची गरज राहिलीच नव्हती. ते जाड दिसले की काम भागत होते. मग ते खुराकाने दिसो, नाहीतर शाईने.

दिसण्याच्या या वाटेने माणूस कोठवर जातो? १९९४ साली ओहायोच्या राज्यजत्रेत काही विजेत्या जनावरांच्या कातडीखाली वनस्पती तेल टोचल्याचे उघडकीस आले. परीक्षकाच्या हाताला अंग भरल्यासारखे लागावे, एवढ्यासाठी. मोठा गवगवा झाला आणि नियम कडक झाले. पण मला जे सुचले ते निराळेच. तेल दोघांनीही दिले. एकाने तोंडावाटे दिले, दुसऱ्याने कातडीखाली. दोघांनाही बक्षीसच हवे होते. मग पहिल्याला आपण सांभाळणारा म्हणतो आणि दुसऱ्याला लबाड, ते कशावरून?

त्याने परीक्षकाला फसवले म्हणून, हे झाले कायद्याचे उत्तर. माझे उत्तर असे आहे की, तोंडाला नको म्हणता येते, कातडीला येत नाही. गव्हाणीत टाकलेले मेंढरू हुंगून सोडून देऊ शकते. अर्धे खाऊन मान फिरवू शकते. जास्त झाले तर त्याचे पोट, त्याची लेंडी, त्याचे रवंथ करायचे थांबणे, या सगळ्यांतून ते ‘पुरे’ म्हणते. सुईने ही सगळी वाट बंद केली. तिने जनावराला काही विचारलेच नाही. तिचे बोलणे परस्पर परीक्षकाशी. आणि एकदा हे ध्यानात आले म्हणजे दिसते की, सुई न वापरताही सुईचे काम करता येते. मेंढरू मान फिरवते आहे आणि मालक गूळ लावून, पाणी पाजून, तोंड उघडून घास कोंबतो आहे, कारण तारीख जवळ आली आहे. त्या घडीला तो तोंडावाटेच तेल टोचत असतो. सुरक्षित खुराक कोणता, याचे माझे उत्तर टक्क्यांत नाही. ज्या खुराकात खाणाऱ्याचे ‘नको’ ऐकले जाते, तो सुरक्षित. टक्के ठरवले तेसुद्धा कोणीतरी कित्येक मेंढरांचे ‘नको’ नीट ऐकून, लिहून ठेवले म्हणूनच.

आमच्या माणदेशाच्या बाजूला हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेली मेंढ्यांची एक जात आहे. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. त्या मुलखात मेंढराला बकरेच म्हणतात. नाकाच्या त्या बाकावर भाव ठरतो. २०२० च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत बातमी होती की, सांगली जिल्ह्यातल्या अशा एका बकऱ्याला ७० लाखांची मागणी आली. मालकाने दीड कोट सांगितले आणि बकरा विकला नाही. शहरातल्या लोकांना हसू आले. आमच्याकडे कोणी हसले नाही. आटपाडीच्या कार्तिकी बाजारात असा एखादा मेंढा उभा राहिला की भोवती कोंडाळे जमते. दहा हात त्याच्या पाठीवर फिरतात. तो मात्र गर्दीकडे पाहत नाही. पायाशी टाकलेल्या पाल्याकडे पाहतो. लाखांची भाषा त्याच्या डोक्यावरून चाललेली असते.

माझ्या वर्गात मेंढपाळांची मुले आहेत. एकदा मी त्यांना मुनिक जातकातली गोष्ट सांगितली. एका घरी दोन बैल आणि मुनिक नावाचा एक डुक्कर. बैल दिवसभर राबतात आणि गवत-कोंडा खातात. डुकराला मात्र भात चारून तयार करतात. धाकटा बैल कुरकुरतो की, हा काय न्याय? थोरला त्याला समजावतो, त्याचा हेवा करू नकोस. तो जे खातो आहे ते मरणाचे अन्न आहे. घरच्या मुलीचे लग्न ठरले आहे, पाहुणे यायचे आहेत. आणि तसेच होते. तात्पर्य सांगून मी फळ्याकडे वळलो, तर मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, त्यो डुक्कर खात ऱ्हायला म्हणून फसला. आमचा बकरा तसा न्हाई खात. त्यानं तोंड वर केलं की आमचा आबा पाटी उचलतो. बाजार उद्या असंना का.”

मी विचारले, “आणि वजन कमी भरले तर?”

“तर भाव कमी. आबा म्हणतो, भाव आपला हाय, प्वाट त्येचं हाय.”

मी पुष्कळ ग्रंथ वाचले नाहीत. पण जे थोडे वाचले त्यांत याहून नेमकी विभागणी मला आढळलेली नाही. भाव आपला आहे, पोट त्याचे आहे. भाव वाढवायला आपण मोकळे आहोत. पोटाची परवानगी घेऊन.

येथे चोखंदळ वाचक मला अडवील, आणि अडवावेच. तो म्हणेल, गुरुजी, मेंढराचे ‘नको’ ऐकायच्या गोष्टी सांगता. पण त्याचे सर्वांत मोठे ‘नको’ तर सुरीपुढे असते. ते कोण ऐकतो? वंशासाठी राखलेल्या माडग्याळी मेंढ्याचे ठीक आहे. पण अमेरिकेतल्या त्या जत्रांत मांसासाठी वाढवलेले कोकरू बहुधा लिलावात विकले जाते आणि तेथून सरळ कसाईखान्यात जाते. ज्या मुलाने त्याला नाव दिले, गळ्यात हात घालून फिरवले, ते मूल रिकामा कासरा घेऊन घरी येते. अशा कोकराला बेताने तेल दिले काय आणि बेसुमार दिले काय!

हा आक्षेप खरा आहे. मी स्वतः मटण खातो. म्हणून मला शहाजोगपणे त्यातून सुटता येत नाही. कॅलिफोर्नियात शास्ता परगण्याच्या जत्रेत २०२२ साली घडलेली हकीकत येथे आठवते. एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने बोकड वाढवला होता. लिलाव ९०२ डॉलरला झाला आणि मुलीचा धीर सुटला. तिला तो मारू द्यायचा नव्हता. आई पैसे भरून द्यायला तयार झाली, ज्याने बोली जिंकली होती त्यानेही आपला हट्ट सोडला. पण जत्रेचे चालक नियमावर अडून बसले. शेकडो मैलांवर नेऊन ठेवलेला तो बोकड परगण्याच्या पोलिसांनी जाऊन आणला आणि तो मारला गेला. पुढे खटला झाला. २०२४ मध्ये तीन लाख डॉलरवर तडजोड झाली. करार म्हणजे करार, हे मुलांनी शिकले पाहिजे, असे जत्रेच्या चालकांचे म्हणणे. शिकले पाहिजे हे खरेच. पण त्या संस्थांच्या बोधचिन्हातल्या चार शब्दांत हृदय हाही एक शब्द आहे. त्या मुलीला ‘याची भूक ओळख, याचे दुखणे ओळख’ असे शिकवले. ती ते शिकली. आणि शिकून तिने शेवटचे ‘नको’ही ऐकले, तेव्हा तिला सांगितले की आता कान बंद कर. विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली होती, शाळा नापास झाली.

तरीही आक्षेपकाचा शेवटचा शब्द मला मान्य नाही. शेवट आपल्या हाती आहे म्हणून मधले दिवसही आपलेच झाले, असे होत नाही. कोकरू जगते ते कित्येक दिवस. मरते एका क्षणात. त्या दिवसांत त्याला उद्याचे काही ठाऊक नसते. त्याला कळते ते आजचे पोट, आजची सावली, आजचे पाणी. मरणाचा अपराध ज्याला टाळता येत नाही, त्याने जगण्याचाही अपराध करावा, हा कोणता न्याय? उलट ज्याच्याकडून आपण सर्वस्व घ्यायचे ठरवले आहे, त्याच्याशी दिवसाच्या व्यवहारात तरी आपण कसोशीने सरळ असले पाहिजे. हे काही निर्दोष उत्तर नव्हे, हे मी जाणतो. कोणाला येथून पुढे जाऊन मांस सोडावेसे वाटले, तर त्याला मी अडवणार नाही. तो माझ्यापेक्षा एक ‘नको’ अधिक ऐकतो आहे. पण जो तेथवर जाणार नाही, त्यालाही गव्हाणीपाशी थांबून ऐकण्यापासून सूट नाही.

आणि हे ऐकणे केवळ मेंढरांपुरते राहत नाही. आग्रह करून वाढणे हे आपल्या पाहुणचाराचे भूषण. त्यातली गोडी मला कळते. पहिला आग्रह प्रेमाचा असतो, दुसराही असू शकतो. तिसऱ्या आग्रहाला मात्र पाहुण्याने ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जो लाडू पडतो, तो पाहुण्यासाठी नसतो. तो भोवतालच्या पंगतीसाठी असतो. मुलांच्या बाबतीत तर आपण याहून पुढे जातो. शाळेला सुटी लागली तरी पोराला आणखी एक शिकवणी, आणखी एक परीक्षा, आणखी एक पदक. आणि घरी कोणी आले की त्याला उभे करून म्हणून दाखवायला लावायचे. पोर जांभई देते, पोट दुखते म्हणते, पुस्तक घेऊन नुसते बसून राहते. ही त्याची मान फिरवण्याची रीत आहे. शिक्षक म्हणून मी इतकेच सांगू शकतो की, ज्ञानालाही कोटीपोट असते. घास आत गेला की लगेच अंगी लागत नाही. त्याला सावलीत बसून रवंथ करायला वेळ लागतो. खुराक वाईट नव्हे, स्पर्धा वाईट नव्हे, रिंगणात उभे राहणेही वाईट नव्हे. वाईट एवढेच की, आपले डोळे खाणाऱ्यावरून उठून पाहणाऱ्यांकडे लागतात.

जाणता मेंढपाळ पहाटे वाड्यात शिरला की आधी मेंढराच्या पाठीवर हात ठेवत नाही. तो आधी गव्हाणीत पाहतो. काल टाकलेल्यातले किती उरले, काय निवडून खाल्ले, काय बाजूला सारले. उरलेल्या घासात त्या मुक्या जिवाने रात्री लिहून ठेवलेले उत्तर असते. ज्याला ते वाचता येते, त्याने किती तेल घालावे हे मी सांगण्याची गरज नाही. आणि ज्याला ते वाचायचेच नाही, त्याच्या हातून कोंड्याचेसुद्धा विष होईल.